उभी रेघ : ड्रॅगनवाल्यांना भुसावळहून खुले पत्र

प्रति,
'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका करणारी सर्व मंडळी,
आणि ज्यांच्या कादंबऱ्यांवरून ती केली ते श्री. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हाती पडेल आणि कुणी तुम्हाला त्याचा अर्थ सांगेल, एवढा मी भाबडा नाही. तरी ते उघड लिहितोय. कारण ज्या एका वाक्यावरून माझं डोकं फिरलं ते वाक्य आमच्याकडेही घरोघरी ऐकू येतं. ते वाक्य पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगतो. मूळचा अमळनेर तालुक्यातला, पण सारी नोकरी भुसावळला गेली. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो. तुमच्याकडे हे काम करणाऱ्याला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्याकडे कंट्रोलरला गाडी दिसत नाही. तो एका खोलीत कानाला फोन लावून बसतो. समोर टेबलभर पसरलेला चार्ट असतो. त्यावर आडवी वेळ छापलेली, दहा-दहा मिनिटांच्या घरांत, आणि डाव्या बाजूला वरून खाली स्टेशनं: चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ. स्टेशन मास्तर फोनवर सांगतो, अमुक गाडी इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी सुटली. तुम्ही तिथे ठिपका देता. पुढच्या स्टेशनातून फोन येतो, दुसरा ठिपका. दोन ठिपके पट्टीने जोडले की गाडीची तिरपी रेघ तयार होते. तिरपेपणावरून वेग कळतो. गाडी उभी असली की रेघ आडवी जाते. एक रेघ मात्र त्या कागदावर कधीच येत नाही, ती म्हणजे उभी. उभी रेघ म्हणजे गाडी एकाच मिनिटाला पाचोऱ्यातही आहे आणि जळगावातही. अशी रेघ माझ्या हातून नवखेपणी एकदा पडली होती, ऐकण्यात चूक झाली म्हणून. शेजारच्या बोर्डावरच्या ज्येष्ठ माणसाने चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली आणि एवढंच विचारलं, "ही गाडी उडाली का रे?" पुढे संगणक आला, रेघा पडद्यावर आपोआप येऊ लागल्या. पण माझं डोकं त्या कागदावरच राहिलं.

आता तुमची गाठ कशी पडली ते. २२ मार्च २०२०च्या मध्यरात्रीपासून देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. रूळाकाठी आयुष्य गेलेल्या माणसाला झोपेतही कुठली गाडी गेली ते आवाजावरून कळतं. आता मालगाड्यांचा तेवढा आवाज यायचा. मुलगा घरून काम करत होता, त्याला माझी येरझार बघवेना. त्याने टीव्हीवर तुमची मालिका लावून दिली आणि म्हणाला, "बाबा, ७३ भाग आहेत, लॉकडाऊन संपेल पण हे संपणार नाही." दुपारी सगळे झोपले की मी दार लोटून बसायचो. दार का लोटायचं हे तुम्हाला सांगायला नको, दृश्यं तुम्हीच घेतलीत.

पहिले चार हंगाम मी अक्षरशः जगलो. नंतर मार्टिनसाहेबांची पाचही जाडजूड पुस्तकं मागवली, डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन वर्षांत संपवली. तेव्हा हे पत्र लिहिणारा माणूस तुमचा शत्रू नाही. नेड स्टार्कचं मुंडकं उडालं त्या रात्री न जेवता झोपलेला माणूस आहे.

या मे महिन्यात नात सुट्टीला आली. पुण्याला इंजिनिअरिंगला असते. बाहेर ४५ अंश, आत कूलर, आणि आम्ही दोघं सातव्या-आठव्या हंगामापुढे. एका ठिकाणी मी रिमोट हिसकावून घेतला आणि म्हणालो, थांब, हे शक्य नाही. त्यावर ती हसून म्हणाली, "आजोबा, ड्रॅगन उडतो ते चालतं तुम्हाला, आणि कावळा जरा जोरात उडाला तर चालत नाही?"

हेच ते वाक्य. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे म्हणून मी हा विषय काढला तिथे हेच ऐकलं. काल्पनिक आहे ना, मग लॉजिक कशाला शोधता?

माझं उत्तर असं. ड्रॅगन तुम्ही पहिल्या हंगामाच्या शेवटी जन्माला घातला, तो आम्हाला कबूल आहे. तो आग ओकतो, कबूल. मेलेली माणसं उठून चालतात, कबूल. हे तुमचं वेळापत्रक. गाडी सुटण्याआधी तुम्ही ते छापून आमच्या हातात दिलं, आम्ही त्यावर विश्वास ठेवून डब्यात बसलो. त्याच वेळापत्रकात तुम्ही हेही छापलं होतं की तुमच्या जगात घोडा घोड्याच्या चालीने चालतो, माणूस थंडीने मरतो आणि राजाच्या लवाजम्याला राजधानीहून उत्तरेतल्या विंटरफेलला यायला महिना लागतो. पहिल्याच भागात त्या राजाची राणी सर्सी तसं बोलून दाखवते. हा महिना तुमचा आहे, मी बाहेरून आणलेला नाही.

त्या महिन्याचं पुढे काय झालं?

माझ्या आजीकडे गोष्टींचं भांडार होतं. रात्री गच्चीवर ती अहिराणीत सांगायची आणि आम्ही हुंकार द्यायचो. तिच्या गोष्टीत सात समुद्र असायचे, बोलणारा पोपट असायचा, त्याला कुणी हरकत घेत नसे. एकदा राजपुत्र घोड्यावरून राक्षसाच्या वाड्यात गेला आणि परतताना राजकन्येबरोबर पायी निघाला. माझा धाकटा काका तेव्हा सहा-सात वर्षांचा. तो उठून बसला आणि म्हणाला, "मंग त्या घोडानं काय व्हयनं?" आजी थांबली. उगी काहीतरी सांगून वेळ मारून नेली नाही तिने. म्हणाली, "चुकनू बेटा, घोडा बांधेल राही गया." आणि राजपुत्राला परत वाड्यात धाडला, घोडा सोडून आणायला. गोष्ट अर्धा तास लांबली. आमची झोप गेली, पण घोडा आला.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार सातव्या हंगामाच्या सहाव्या भागाची. उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे गोठलेल्या तळ्यातल्या खडकावर सात-आठ माणसं अडकतात, भोवती मेलेल्यांचं सैन्य. त्यांच्यातला जेंड्री पळत भिंतीवरच्या ईस्टवॉच किल्ल्याला जातो, तिथून चिठ्ठी घेऊन कावळा ड्रॅगनस्टोन बेटाला, तिथून ड्रॅगनवाली राणी डेनेरिस (पुढे राणी म्हणेन ती हीच) ड्रॅगनवर बसून परत उत्तरेला, आणि सगळे वाचतात. मार्टिनसाहेब, तुमच्या नकाशावर मोजपट्टी नाही. पट्टी घेऊन बसणारे चाहते मागे लागू नयेत म्हणून अंतरं मुद्दाम मोघम ठेवली, असं तुम्ही म्हणाला होतात. मी तोच पट्टीवाला. पण भिंत ३०० मैल लांब हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे ४८० किलोमीटर. भुसावळ ते मुंबई सीएसएमटी साडेचारशेच्या आत-बाहेर. तुमची भिंत इथून सुरू केली तर बोरीबंदर ओलांडून समुद्रात जाईल. ही भिंत पट्टी म्हणून धरली आणि ईस्टवॉच ते ड्रॅगनस्टोन मोजलं. पाचपट भरलं. दोन हजार चारशे किलोमीटर धरा. मुंबईहून नागपूरमार्गे हावडा १९६८ किलोमीटर आहे. त्याला आमच्या मेललाही दीड दिवसाच्या आसपास लागतं, आणि तिला विजेचं इंजिन असतं.

शर्यतीचं कबूतर तासाला ८० किलोमीटरच्या घरात उडतं. तुमच्या कावळ्यालाही तेवढंच देतो. न थांबता, न खाता, रात्री न विसावता उडाला तरी तीस तास. त्याला रात्रीची झोप दिली तर तीन दिवस. मग राणीने चिठ्ठी वाचायची, सल्लागार टायरियनशी वाद घालायचा, तो पांढरा फरचा झगा घालायचा (झगा सुंदर होता, तो करणाऱ्याला दाद द्यायला हवी) आणि तेवढंच अंतर उलटं कापायचं. तोवर खडकावरची माणसं बिनजेवणाची, बिनशेकोटीची. त्यांच्यातला थोरोस एका रात्रीतच गारठून मेला. बाकीचे कुठल्या हिशेबाने जगले? तुम्ही पडद्यावर एक रात्र दाखवता. माझ्या चार्टवर ही रेघ काढून पाहिली. ठिपका ईस्टवॉचला, ठिपका ड्रॅगनस्टोनला, पट्टी लावली. उभी.

दिग्दर्शकांनी नंतर मुलाखतीत मान्य केलं की काळाचं गणित तिथे जरा धूसर झालं. मान्य केलं, बरं वाटलं. पण धूसर ठेवणं हा तोडगा कसा? आमच्याकडे धुक्यात गाडी हळू हाकतात.

आणि हे टाळणं किती सोपं होतं! खडकावर चार दिवस दाखवायचे होते. भूक, थंडी, एकेकाचं बोलणं, हाउंडसारख्या आगीला भिणाऱ्या माणसाचं शेकोटीसाठी तडफडणं. हे लिहायला मिळालं असतं तर कुठल्याही लेखकाने आनंदाने लिहिलं असतं. वेळ वाचवताना तुम्ही नेमका मालच फेकून दिला.

मी केळीच्या मुलखातला आहे. सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून दिल्लीकडे केळी जायची, तेव्हा कंट्रोलमध्ये आम्हाला त्या गाडीचं टेन्शन निराळंच. घड कापला की घड्याळ सुरू. कोळशाची मालगाडी बाजूच्या लूप रुळावर सहा तास पडली तरी कोळसा कोळसाच राहतो. केळी थांबत नाही, ती वाघिणीत पिकत राहते, आणि तिकडे मंडईत भाव पडला की इकडे मळेवाल्याचं वर्ष बसतं. एकदा पुढे काहीतरी बिघाड म्हणून अशी गाडी मला मध्यरात्री अडकवून ठेवावी लागली. चार्टवरची ती आडवी रेघ मी दर दहा मिनिटांनी एक घर पुढे नेत होतो. पट्टी टेकवायची, रेघ ओढायची, पुन्हा घड्याळाकडे बघायचं. त्या एवढ्याशा रेघेत कुणाच्या तरी मुलीचं लग्न पुढे सरकत होतं. वेळ लागतो म्हणून तर गोष्टीत जीव असतो. तुमच्या पहिल्या हंगामात उशिरा पोचलेल्या चिठ्ठीने माणसं मरत. सातव्यात चिठ्ठी हवी तेव्हा पोचते, म्हणून कुणाच्या मरणाची धास्ती उरत नाही.

उभ्या रेघा आणखीही आहेत. सहाव्या हंगामाच्या शेवटच्या भागात राणीचा सल्लागार व्हेरिस डॉर्नमध्ये बसून मसलत करतो आणि त्याच भागात मीरीनहून निघालेल्या राणीच्या जहाजावर उभा असतो. मध्ये अख्खा समुद्र आहे. शत्रूकडच्या युरॉनचं आरमार आज पूर्व किनाऱ्यावर लढतं, उद्या पश्चिमेला कॅस्टर्ली रॉकला हजर. ती हजार जहाजं तरी कशाची बांधली? आयर्न बेटांवर धड झाड नाही. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांसाठी किती झाडं पडायची हे रेल्वेवाल्याला विचारा.

जेंड्रीचं मात्र उलट. तो तिसऱ्या हंगामात नाव वल्हवत निघाला तो सातव्यात उगवला. ती आडवी रेघ. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खोळंबलेल्या गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्यात.

त्या सुटकेच्या वेळी मारला गेलेला एक ड्रॅगन तळ्यातून बाहेर ओढण्यासाठी त्या मृत सैन्याने भल्या जाड साखळ्या आणल्या. कुठून, हे सगळ्या जगाने विचारून झालंय, मी ते विचारत नाही. माझा प्रश्न वेगळा. इंजिन रुळावरून घसरलं की १४० टनी क्रेन घेऊन मदतगाडी निघते. मी फोनच्या या टोकाला बसून असे किती तास मोजलेत. क्रेन पोचली म्हणजे काम झालं असं नसतं. दोर कुठे अडकवायचा हे ठरवण्यात वेळ जातो, आणि मग तेलकट चिखलात उताणं झोपून कुणीतरी तो खालून घालतो. त्या माणसाचं नाव अहवालात नसतं, पण तो असतो. तुमच्या मेलेल्यांना पाणी चालत नाही, हार्डहोमच्या किनाऱ्यावर तुम्हीच दाखवलंत. मग तळ्याच्या तळाशी जाऊन ती साखळी ड्रॅगनच्या गळ्यात घातली कुणी?

आठव्या हंगामात तर मी हिशेब ठेवणंच सोडलं. राणीचे दोथ्राकी घोडेस्वार पेटत्या पात्यांनिशी अंधारात घुसतात आणि एकेक ज्योत विझत जाते. मालिकेतलं हे एक अप्रतिम दृश्य, अंगावर काटा आला. नंतर राजधानीत बघतो तर विझलेल्या ज्योती घोड्यांसकट परत. आठ हजार अनसलीड, म्हणजे गुलाम शिपाई, राणीने अस्तापोरमध्ये घेतले. मीरीनमध्ये गल्लोगल्ली मारले गेले, विंटरफेलला माघार सांभाळताना कापले गेले, आणि शेवटच्या भागात पायऱ्यांखाली रांगाच रांगा. आमच्या महाभारतात ११ आणि ७ अशा १८ अक्षौहिणी, १८ दिवस, आणि शेवटी पांडवांकडचे सात आणि कौरवांकडचे तीन महारथी उरले, हा ताळेबंद शाळकरी पोरालाही सांगता येतो.

आता युरॉनच्या आरमाराचं. तीन बाण नेमके वर्मी लागून एक ड्रॅगन आकाशातून कोसळतो. बाण मारणारी जहाजं राणीला वरून दिसली नाहीत. असीरगडावर चढलेल्या कुणालाही विचारा, उंचावरून किती लांबचं दिसतं. बरं, नसतील दिसली. पण त्या भागानंतरच्या छोट्या चित्रफितीत तुमच्यापैकी एकांनी सांगितलं की राणी त्या आरमाराचं जरासं विसरून गेली होती. विसरली? त्याच भागात आधी मसलतीच्या टेबलावर त्या आरमाराचं नाव निघालंय! पुढच्याच भागात तीच यंत्रं, तेच बाण, आणि दुसऱ्या ड्रॅगनला एकही लागत नाही. माझ्या चार्टवर चूक झाली तर मी 'गाडी विसरली' असं लिहू शकत नव्हतो. चूक गाडीची नसते, पट्टी धरणाऱ्याची असते. चित्रीकरणात कॉफीचा कप टेबलावर राहिला, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. थकलेल्या माणसाच्या हातून असं होतं. पण आपली चूक पात्राच्या गळ्यात घालायची, हे मला रुचलं नाही. खरं सांगायचं तर या पत्राची सुरुवात तिथेच झाली.

धान्याचं बोलतो. हे बाकी कुणी फारसं बोलत नाही म्हणून जास्त बोलतो.

तुमच्या जगात हिवाळा वर्षानुवर्षं चालतो. 'हिवाळा येतोय' हे तर स्टार्क घराण्याचं ब्रीद. मी खानदेशी माणूस, हे ऐकल्याबरोबर माझ्या मनात पहिला प्रश्न आला, की साठवण किती आहे? १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. घरातली कणगी रिकामी झाल्यावर ती आतून कशी दिसते हे मी पाहिलंय. तळाशी शेणाचा सारवलेला थर, त्यावर चार दाणे, आणि आई ते चार दाणेसुद्धा पिसाने गोळा करतेय. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना कडेला चिरत जायची, तव्यावर टाकेपर्यंत तिचे तुकडे. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि तिथे वाटलेली सुकडी आमच्यासाठी खिशात घालून आणत. एका पावसाळ्याने पाठ फिरवली तर ही गत. तुमच्याकडे तर पाच-पाच वर्षं पेरणीच नाही.

आणि तुम्हाला हे कळत होतं! म्हणून जास्त वाईट वाटतं. सातव्या हंगामात स्टार्कांची मुलगी सान्सा कोठारांचा हिशेब विचारते. आठव्याच्या पहिल्या भागात राणी सैन्य घेऊन विंटरफेलला येते तेव्हा ती सगळ्यांसमोर विचारते की एवढ्या तोंडांना घालायचं काय, आणि ड्रॅगन काय खातात? मी खुर्चीत सरसावून बसलो. म्हटलं, आता खरी लढाई सुरू झाली, चुलीची. राणी तोऱ्यात उत्तर देते की त्यांना हवं ते खातात. बस्स. त्यानंतर धान्य हा शब्द जणू विंटरफेलच्या वेशीबाहेर हाकलला. मेलेल्यांच्या सैन्याशी लढायची ती मोठी रात्र एका रात्रीत आटोपली, हिवाळा मोजक्या भागांत उरकला, आणि शेवटी भिंतीपलीकडे बर्फातून हिरवं पातं डोकावलं. आठ हंगाम ज्याची भीती घातली तो हिवाळा आमच्या डिसेंबरातल्या थंडीच्या लाटेएवढाही टिकला नाही. निदान त्या लाटेत केळी तरी करपते.

आमच्याकडे एक दंतकथा सांगतात. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्यांना जेवू घालायचं काम उडुपीच्या राजाने घेतलं होतं. अन्न कधी उरत नव्हतं, कमी पडत नव्हतं. धर्मराजाने गुपित विचारलं तेव्हा तो म्हणाला, कृष्ण रात्री किती शेंगा खातो ते मी मोजतो, त्यावरून उद्या किती हजार मरणार ते कळतं, तेवढ्यांचा स्वयंपाक कमी करतो. मी हे नातीला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "आजोबा, भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. महाभारतात शेंगा आल्या कुठून?" आता आली का पंचाईत! मी गप्प. म्हणजे भोकं आमच्या गोष्टींनाही आहेत, हे मान्य करून टाकतो. तरी एक बघा. एवढ्या मोठ्या युद्धात रोजचा स्वयंपाक कोण करत होतं, हा प्रश्न आमच्या कुण्या अनाम माणसाला पडला, आणि त्याने त्यासाठी एक राजा कामाला लावला. शेंगा चुकल्या, भूक चुकली नाही.

राणीने घंटा वाजल्यावरही शहर जाळलं, त्याबद्दल जगभर आरडाओरड झाली. माझं मत वेगळं आहे. ते स्टेशन मार्गावरचंच होतं. तिची गाडी तिकडे जाणार हे अस्तापोरमध्येच दिसत होतं. पण पहिल्या सहा हंगामांना दहा-दहा भाग आणि शेवटच्या दोहोंना सात आणि सहा. पॅसेंजर म्हणून निघालेली गाडी तुम्ही मध्येच सुपरफास्ट केली, आणि जिथे माणसं उतरणार-चढणार होती ती स्टेशनं गाळली. नायक जॉन स्नोच्या जन्माचं रहस्य सात हंगाम जपलं आणि शेवटी त्याचा उपयोग चार चुगल्यांपुरता. सान्साचा भाऊ ब्रॅन, त्याला भूत-वर्तमान सगळं दिसतं, तर मग तो राजधानी जळेपर्यंत काय करत होता? यावर मी जास्त लिहीत नाही, रक्तदाब आहे.

मार्टिनसाहेब, थोडं तुमच्याशी. तुमच्याही हातून चुका झाल्यात. रेन्लीचे डोळे एका ठिकाणी निळे, दुसरीकडे हिरवे. एका घोड्याची मध्येच घोडी झाली. पण चाहत्यांनी दाखवल्यावर तुम्ही त्या हसत कबूल केल्यात. ७०० फुटांची भिंत लिहिलीत आणि मालिकेसाठी निवडलेली दगडाची खाण प्रत्यक्ष बघितल्यावर म्हणालात की आपण भिंत फारच उंच केली. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. घोडा बांधलेला राहिला, चुकलं बाबा. म्हणून तुमच्याबद्दल मनात राग नाही. आहे तो खोळंबा. पुस्तकं आली १९९६, १९९८, २०००, २००५ आणि २०११ला. त्यानंतर तुमची रेघ आडवीच चाललीय, माझ्या चार्टचा कागद संपला. लोक तुम्हाला घाई करा म्हणतात. मी म्हणणार नाही. घाई केली की काय होतं ते आठव्या हंगामात बघितलं. पण एखादी गाडी पुढे जाणारच नसेल तर स्टेशनवर तसं जाहीर करतात. माणसं वळकटी उशाला घेऊन फलाटावर झोपलेली असतात हो.

मालिका पुन्हा चित्रित करा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. माझी सही त्यात नाही. झालेली गाडी परत मागे घेता येत नाही, आणि शेकडो कारागिरांची मेहनत पुसा म्हणणं मला जड जातं. माझ्या मागण्या लहान आहेत.

मालिकेच्या मंडळींनी एकदा सरळ म्हणावं की शेवटच्या दोन हंगामांत अंतर, माणसं आणि धान्य यांचा हिशेब आमच्याकडून सुटला. राणी विसरली, कावळा जोरात उडाला, असली कारणं मागे घ्यावीत.

याच जगातल्या ज्या पुढच्या मालिका येतायत, त्यांच्या लिखाणाच्या टेबलावर एक चार्ट ठेवावा. वरती दिवस, बाजूला ठिकाणं, प्रत्येक पात्राची एक रेघ, आणि खाली दोन रकाने: जिवंत किती, कोठारात किती. हे काम रेल्वेतला कुठलाही निवृत्त माणूस चहाच्या बोलीवर करून देईल. निदान मी देईन.

मार्टिनसाहेबांनी पुढचं पुस्तक हवं तेवढा वेळ घेऊन लिहावं. मात्र त्यात हिवाळा आला तर तो हिवाळ्यासारखा यावा, आणि कुणीतरी एका पानावर तरी कणगीत वाकून बघावं. पुस्तक होणार नसेल तर तेही सांगून टाकावं.

आणि 'काल्पनिक आहे, लॉजिक कशाला' म्हणणाऱ्या आमच्याच लोकांना एक विनंती. समोर सहा वर्षांचं पोर बसवा आणि त्याला कुठलीही गोष्ट सांगताना घोडा वाटेत विसरून दाखवा.

सोबत मी काढलेला चार्ट जोडला आहे. पहिल्या हंगामाच्या रेघा पेन्सिलीने आहेत, त्या बहुतेक बरोबर जुळल्या. सातव्याच्या लाल शाईने आहेत. तपासून, चूक असेल तर माझीही कळवावी.

आपला,
भुसावळ विभागातून निवृत्त एक सेक्शन कंट्रोलर

ता. क. नात म्हणते, जेंड्रीला एवढ्या सहज सोडू नका. चार हंगाम वल्हवत होता तर नावेत प्यायचं पाणी किती होतं, तेही विचारा. विचारतो आहे.